वसीला की वशिला

बी.एड.चे ते वर्ष २०१२-१३ चे. कॉलेज मराठी माध्यमाचे आणि आमचे सारे शिक्षण उर्दूतून झालेले, त्यामुळे पाठ टाचण मराठीत लिहिताना घाम फुटायचा. वसतिगृहाच्या खोलीत आमच्याशिवाय दोघी होत्या आणि दोघीही ख्रिस्ती. एक वसईची, कॅथलिक. दुसरी नगर जिल्ह्यातली, प्रोटेस्टंट; तिच्या घरात पणजोबांपासून अमेरिकन मराठी मिशनचा वारसा. ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच, अशी आमची तोवर समजूत होती. दुसऱ्याचे घर बाहेरून नेहमी एकसंध दिसते. आपल्याविषयी इतरांची समजूत काय असते ते आठवले, म्हणजे या अज्ञानाची फारशी लाज वाटत नाही.

फेब्रुवारीत नगरच्या मैत्रिणीच्या आईचे हृदयाचे ऑपरेशन ठरले. त्या रात्री वसईची मैत्रीण तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "तुझ्या आईसाठी मी वेलांकनी मातेची नोव्हेना धरली आहे. आज चौथा दिवस." नोव्हेना म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना. नगरची मैत्रीण बराच वेळ गप्प राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तू माझ्या आईसाठी प्रार्थना कर, जरूर कर. पण येशूकडे कर. मरियेकडे नको." वसईची मैत्रीण उठून व्हरांड्यात गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आणि तेवढ्यात नगरची मैत्रीण आमच्याकडे वळून म्हणाली, "तूसुद्धा दुआ कर हं. नमाजनंतर."

आम्ही दुआ केली. पण मनात एक काटा राहिला. एका जिवंत, दुसऱ्या धर्माच्या, पाठ टाचणात रोज चुका करणाऱ्या मुलीची दुआ चालते आणि खुद्द येशूच्या आईची चालत नाही, हा कुठला हिशेब? तेव्हा तो आम्हाला हट्ट वाटला. पुढे मिळेल ते वाचत गेलो तेव्हा कळले की त्या खोलीतला वाद सोळाशे वर्षे जुना आहे, आणि हट्ट वाटला त्याच्या मागे मोठा विचार आहे.

इसवी सन ४०० च्या सुमारास गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला, विजिलँशियस नावाचा एक धर्मगुरू होता. शहीद झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या कबरींवर लोक भरदिवसा मेणबत्त्या लावतात, हाडांची राख रेशमी कापडात गुंडाळून तिचे चुंबन घेतात, याची त्याला चीड होती. त्याचे म्हणणे असे : जिवंत असेपर्यंत आपण एकमेकांसाठी प्रार्थना करू शकतो, मेल्यानंतर कोणाचीही दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना ऐकली जात नाही. नगरच्या मैत्रिणीची रेघ अगदी हीच. त्याला उत्तर दिले जेरोमने, ज्याने बायबलचे लॅटिन भाषांतर केले त्याने. बेथलेहेमात बसून ४०६ साली त्याने एका रात्रीत पुस्तिका लिहून काढली. प्रतिपक्षाच्या नावाचा अर्थ 'जागा', तर जेरोमने त्याला 'झोपाळू' असे नवे नाव देऊन टाकले. शिव्या बाजूला ठेवल्या तर मुद्दा उरतो तो जोरदार आहे. देहात असताना, स्वतःचीच चिंता असताना जर हे लोक इतरांसाठी प्रार्थना करू शकत होते, तर जिंकून देवाजवळ पोहोचल्यावर ते गप्प बसतील काय? मेणबत्त्यांबाबत मात्र जेरोम थोडा नरमतो. साध्याभोळ्या माणसांनी, भाविक बायकांनी अज्ञानाने लावल्या असतील, पण त्यात तुझे काय बिघडले, असा त्याचा सूर आहे. विजिलँशियसचे स्वतःचे लेखन आज उपलब्ध नाही. त्याचे म्हणणे आपल्याला कळते ते त्याला झोपाळू म्हणणाऱ्याच्या पुस्तकातून. हरलेल्या पक्षाचे असे अनेकदा होते, आणि वाचणाऱ्याने ते लक्षात ठेवावे.

आता आमचा एक शब्द मध्ये घेतो. उर्दूत 'वसीला' हा आदराचा शब्द आहे. साधन, आधार, जवळ नेणारा मार्ग. मराठीत हाच अरबी शब्द आला आणि 'वशिला' झाला. अक्षर जरासे बदलले, पण अब्रू पार गेली. आमच्या नेमणुकीच्या मान्यतेची फाईल एका कार्यालयात दोन वर्षे पडून होती. कागद पूर्ण, शिक्के पूर्ण. तेथील बाबू दर खेपेला एकच विचारायचा, "कोणाचा वशिला आहे का?" तेव्हा आम्हाला पहिल्यांदा नीट समजले की प्रोटेस्टंटांचा कॅथलिकांवरचा मूळ आरोप काय आहे. तुम्ही ज्याला वसीला म्हणता तो वशिला आहे, एवढाच. देवाच्या दारात बाबू बसलेला नाही, मग ओळखीचा माणूस कशाला?

हा आरोप आरोप म्हणून हलका नाही. पीटर ब्राउन या इतिहासकाराने १९८१ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की रोमन समाजाच्या उत्तरकाळात सामान्य माणूस कोणा ना कोणा बड्या आश्रयदात्याच्या आधाराने जगत असे आणि संत हे त्याच नात्यातले, पण अदृश्य आणि विश्वासू, आश्रयदाते बनले. चौथ्या शतकातल्या एका भाष्यकाराने, ज्याला नाव माहीत नसल्याने नंतरचे लोक अँब्रोसियास्टर म्हणू लागले, या दरबारी युक्तिवादाचा समाचार घेतला होता. त्याचा रोख मूर्तिपूजकांवर होता. राजाकडे सरदारांमार्फत जावे लागते, तसे देवाकडे, असे ते म्हणत. तो उत्तर देतो की राजा माणूस आहे, कोणावर विसंबावे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून त्याला मधली माणसे लागतात. देवाला सगळ्यांची पात्रता ठाऊक असते, त्याच्यापुढे शिफारस लागत नाही, भक्तीने भरलेले मन लागते. पुढे प्रोटेस्टंटांनी हाच युक्तिवाद आपल्याच भाऊबंदांविरुद्ध वापरला.

पण कॅथलिक याला काय म्हणतात तेही नीट ऐकले पाहिजे. ऐकल्याशिवाय न्याय करायचा तर आमच्यात आणि त्या बाबूत फरक काय? ते म्हणतात, आम्ही संतांची उपासना करतच नाही. इ.स. ७८७ मध्ये निकाया येथे भरलेल्या धर्मसभेने मूर्ती आणि चित्रांच्या वादात स्पष्ट केले की खरी उपासना एकट्या देवाची, इतरांना फक्त आदर. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तर क्रियापदावरच बोट ठेवले. चर्चच्या सामुदायिक प्रार्थनेत देवाकडे दया मागतात, संतांकडे दया मागत नाहीत. त्यांना फक्त 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हणतात. उर्दू बोलणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. 'दुआ' अल्लाहकडे. 'दुआ की दरख्वास्त' माणसाकडे. लग्नाच्या रुक्क्यापासून हजला निघालेल्या शेजाऱ्यापर्यंत आपण ही दरख्वास्त किती सहज करतो! कॅथलिक म्हणतो, आमचीही दरख्वास्तच आहे, फक्त ती वर गेलेल्यांकडे आहे.

म्हणजे वाद देव किती मोठा यावर नाही. दोन्ही बाजूंना देव सारखाच मोठा. पौलाच्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव आणि माणसे यांच्यात एकच मध्यस्थ सांगितला आहे, तो येशू. हे दोन्ही बाजू मानतात. वाद मृत्यूवर आहे. मरण आले की माणसामाणसातला दुवा तुटतो का, आणि तुटत नसेल तर त्यावरून हाक मारायची परवानगी आहे का?

प्रोटेस्टंटांचा जोर या परवानगीवर आहे. १५३१ साली मेलँक्थनने आउग्सबुर्गच्या कबुलीजबाबाचे समर्थन लिहिले, त्यात एक गोष्ट त्याने मोकळेपणाने मान्य केली : स्वर्गातले संत चर्चसाठी प्रार्थना करत असतील, करोत. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात यिर्मया संदेष्टा मरणानंतर आपल्या लोकांसाठी प्रार्थना करताना स्वप्नात दिसतो, तेही त्याने नाकारले नाही. पण ते प्रार्थना करतात म्हणून आपण त्यांना हाक मारावी, हे त्यातून निघत नाही. त्यासाठी पवित्र शास्त्रात ना आज्ञा आहे, ना वचन, ना उदाहरण. जिवंतांनी एकमेकांसाठी प्रार्थना करावी, हे मात्र याकोबाच्या पत्रात स्वच्छ सांगितले आहे. आता नगरच्या मैत्रिणीचा हिशेब लागतो. तिने आमची दुआ मागितली ती आम्ही मरियेहून श्रेष्ठ म्हणून नव्हे. मागायची मुभा आहे म्हणून मागितली.

दुसरा मुद्दा ऐकण्याचा. एकाच क्षणी वेलांकनीत, वसईत, वांद्र्याच्या डोंगरावर, युरोपात हजारो लोक मरियेला हाक मारतात. ते सारे ऐकणारी ती देवच झाली नाही का? कॅथलिक उत्तर देतो, ती स्वतःच्या कानांनी ऐकत नाही, देवच तिला कळवतो. त्यावर प्रोटेस्टंट हसतो : म्हणजे तुझी मागणी देवाने मरियेला सांगायची, मग मरियेने ती देवाला सांगायची! हा टोला आम्हाला पहिल्यांदा बिनतोड वाटला. मग ध्यानात आले की तो आम्हालाही लागतो. आईच्या ऑपरेशनची गोष्ट आम्ही दुआत सांगितली ती अल्लाहला नव्याने कळावी म्हणून का? त्याला ती आधीच ठाऊक. अशा हिशेबाने सगळीच प्रार्थना फाजील ठरते. मागणे हे कळवण्यासाठी नसतेच. दुसऱ्याचे दुःख आपल्या ओठांवर घ्यावे लागते, आणि ते घेताना आपण थोडे त्याचे होतो. दुआचा अर्धा अर्थ आम्हाला तेथे सापडतो.

आपल्या वाचकांना या वादाची चव नवी नाही. सूरह माइदात 'वसीला' हा शब्द आला आहे. त्याचा अर्थ नेक अमल की नेक माणसे, यावर आपल्याकडे मशिदी वेगळ्या झाल्या आहेत. दुष्काळात हजरत उमर यांनी पैगंबरांचे हयात असलेले चुलते हजरत अब्बास यांच्या वसील्याने पाऊस मागितला, ही बुखारीतली रिवायत एक पक्ष 'फक्त हयात माणूस' याचा पुरावा म्हणून मांडतो आणि दुसरा पक्ष तसे मानत नाही. जिवंत चालतो, गेलेला चालत नाही : रेघ तीच, जागा दुसरी. त्यावर येथे निवाडा द्यायचा नाही, आमची ती योग्यताही नाही. इतकेच की दुसऱ्याच्या घरातला वाद वाचताना आवाज थोडा खाली येतो.

ख्रिस्ती इतिहासातली आम्हाला सर्वांत आवडलेली हकीकत ऑगस्टीनच्या आईची, मोनिकाची आहे. ती उत्तर आफ्रिकेची. तिकडच्या रिवाजाप्रमाणे शहिदांच्या कबरींवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन जायची. मुलाच्या मागे ती मिलानला आली आणि तेथेही टोपली घेऊन निघाली, तर दारवानाने अडवले. बिशप अँब्रोजची मनाई होती. दारूबाजांना निमित्त मिळते, आणि हे मूर्तिपूजकांच्या पितरांच्या विधीसारखे दिसते, ही कारणे. मोनिका वाद न घालता परतली. पुढे टोपलीऐवजी ती प्रार्थनेने भरलेले मन घेऊन जाऊ लागली आणि जे द्यायचे ते गरिबांना देऊ लागली. ऑगस्टीन मिश्किलपणे कबूल करतो की मनाई दुसऱ्या कोणी केली असती तर आई इतक्या सहज ऐकती ना, अँब्रोजवर तिचा जीव होता. आणि याच अँब्रोजने ३८६ साली दोन शहिदांचे अवशेष शोधून काढून थाटाने आपल्या चर्चमध्ये आणले होते! म्हणजे त्याने शहिदांचा मान काढला नाही, टोपली तेवढी थांबवली. असा माणूस दोन्ही बाजूंना अर्धाच पटतो. उंबरठ्यावर टोपली घेऊन उभी असलेली ती म्हातारी आम्हाला मात्र फार ओळखीची वाटते. आमच्या दादीच्या हातात असेच ताट असायचे.

सोळाव्या शतकात मात्र टोपली उरली नव्हती, दुकान झाले होते. प्लेगसाठी सबास्टियन, मिरगीसाठी व्हॅलेंटाइन, घोडेस्वारांसाठी जॉर्ज, अशी खाती वाटलेली. इरॅस्मसने १५२३ मध्ये बुडत्या जहाजाचा एक संवाद लिहिला. जो तो आपापल्या संताला नवस बोलतो. एक जण पॅरिसच्या संत ख्रिस्तोफरला त्याच्या पुतळ्याएवढी मेणबत्ती कबूल करतो. शेजारचा म्हणतो, अरे, घरदार विकलेस तरी तेवढे मेण यायचे नाही. तर तो कानात कुजबुजतो, गप्प बस, एकदा जमिनीला पाय लागू दे, मग चरबीची मेणबत्तीसुद्धा देणार नाही. त्या जहाजात एक बाई आहे, तान्हे मूल कडेवर. ती ओरडत नाही, नवस बोलत नाही, मुलाला कवटाळून मनाशी प्रार्थना करते. सर्वांआधी किनाऱ्याला तीच लागते. इरॅस्मस शेवटपर्यंत कॅथलिकच राहिला, हे विसरू नये. घर न सोडता घरातला केर दाखवणारी माणसे दोन्हीकडून शिव्या खातात.

आणि ल्यूथर? त्याच्या आयुष्याचे वळणच एका संताच्या नावाने आले. २ जुलै १५०५ रोजी एरफुर्टजवळ शेतात विजेच्या कडकडाटात सापडून त्याने खाणकामगारांच्या संत अ‍ॅनाला हाक मारली आणि मठात जाण्याचा शब्द दिला. त्याचे वडील खाणधंद्यातलेच होते. ज्या माणसाने पुढे संतांना हाक मारणे बंद केले, त्याला भीतीच्या क्षणी संतच आठवला होता. १५३० च्या एका पत्रात त्याने कबूल केले आहे की संतांपासून स्वतःला तोडून घेणे त्याला अतिशय कडू गेले, तो त्यांच्यात बुडालेला होता. ल्यूथरचे इतर पुष्कळ लेखन आम्हाला रागीट वाटते. या कबुलीने तो माणूस जवळचा झाला.

या वादाने माणसे जाळली, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये संतांच्या यात्रा आणि पूजेविरुद्ध बोलणाऱ्या थॉमस बिल्नीला १५३१ साली नॉर्विच येथे जाळले. सातच वर्षांत वारे फिरले. १५३८ मध्ये कँटरबरी येथील संत थॉमस बेकेटची समाधी राजाने फोडली आणि तिची संपत्ती नेली. त्याच वर्षी राजाचे धर्मप्रमुखपद न मानणाऱ्या जॉन फॉरेस्ट नावाच्या संन्याशाला लंडनमध्ये जाळताना वेल्समधल्या एका संताची लाकडी मूर्ती सरपण म्हणून वापरली. आधी संत नको म्हणणारा जळला, मग संतच जळण झाला.

१५६३ च्या डिसेंबरात ट्रेंटच्या धर्मसभेने कॅथलिक बाजू ठरवून दिली. संतांना विनवणे चांगले आणि उपयोगी आहे, असे तिने म्हटले. आवश्यक आहे, असे म्हटले नाही. अंधश्रद्धा आणि पैशाचा लोभ काढून टाका, असेही बजावले. अलीकडे दोन्ही बाजू मऊ झाल्या आहेत. अमेरिकेतल्या ल्यूथरन आणि कॅथलिक पंडितांनी १९८३ ते १९९० अशी सात वर्षे या एका विषयावर बैठका घेतल्या. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॅटिकनने मरियेला 'सह-उद्धारक' म्हणणे योग्य नाही, असे स्वतःच जाहीर केले. वसईच्या मैत्रिणीला आम्ही ही बातमी पाठवली, तर तिचे उत्तर आले, "आम्ही म्हणत होतो कुठे?"

आमचे मत विचाराल तर ते दोन ठिकाणी अडते. जो माणूस देव दूर आहे, रागीट आहे, त्याची आई तरी ऐकेल, म्हणून संताकडे जातो, त्याच्याबाबतीत ल्यूथर बरोबर आहे. तो वशिलाच. तेथे देवाला त्या कार्यालयातल्या साहेबाच्या खुर्चीत बसवले जाते, आणि यापेक्षा मोठी बेअदबी दुसरी नाही. पण जी बाई देवाशी सरळ बोलतेच, आणि बोलताना आपण एकटे नाही, आपल्याआधी दुःख भोगून गेलेले कोणी शेजारी उभे आहे असे तिला वाटते, तिला कोणत्या तोंडाने थांबवावे? अडचण अशी की बाहेरून दोघींचे हात सारखेच जोडलेले असतात. माहीमला दर बुधवारी संत मायकेलच्या चर्चमध्ये नोव्हेनाला सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात. थोड्याच अंतरावर मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. आम्ही दोन्हीकडच्या रांगा पाहिल्या आहेत. कोण वसील्याला आला आहे आणि कोण वशिल्याला, हे चेहऱ्यावरून ओळखता आले नाही.

दुसरी अडचण अधिक जवळची. प्रार्थना जिच्यासाठी करायची तिचीच तिला हरकत असेल तर? नगरच्या मैत्रिणीला ती नोव्हेना म्हणजे आपल्या आईच्या नावाने देवाचा हक्क दुसऱ्याला देणे वाटत होते. वसईच्या मैत्रिणीला नोव्हेना मोडणे म्हणजे एका आजारी बाईचा हात मध्येच सोडणे वाटत होते. उरलेले पाच दिवस तिने काय केले, हे आम्ही कधी विचारले नाही.

ऑपरेशन यशस्वी झाले. त्या आई पुढे सहा वर्षे जगल्या आणि २०१९ च्या पावसाळ्यात गेल्या. आम्ही दोघी मातीला गेलो होतो. पाळकसाहेबांनी देवाचे आभार मानले, घरच्यांसाठी सांत्वन मागितले. गेलेल्या बाईसाठी काही मागितले नाही, कारण त्यांच्याकडे मृतांसाठीही प्रार्थना करत नाहीत. त्या नोव्हेंबरात दोन तारखेला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, वसईहून फोन आला. तिने आपल्या वडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावली होती आणि शेजारी आणखी एक.

"तिच्या आईसाठी लावली," ती म्हणाली. "सांगू का तिला?"

आम्ही म्हटले, "थांब जरा."

दर वर्षी ती मेणबत्ती लागते आणि आम्हाला फोन येतो. नगरला गेलो की मैत्रीण जेवायला घालते, आईचा फोटो पुसते, आणि त्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही दोघींनी केलेली प्रार्थना मी विसरले नाही, असे म्हणते. आम्ही ताटाकडे पाहतो. अजून सांगितलेले नाही.